वकिलांकडे लागू की पॅरालीगलचा कोर्स करू?

पत्र थोडक्यात असं आहे:

‘मी आचऱ्याजवळच्या एका गावातली. वय २३, बी.कॉम. झाले आहे. दोन वर्षं झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात काम करते. दुकानात दिवसभर सातबारे, प्रतिज्ञापत्रं, वारस नोंदीचे अर्ज येतात. टाइप करता करता मला या कामाची गोडी लागली. कणकवलीच्या एका वकिलांनी “ऑफिसात ये, सुरुवातीला सात हजार देईन” असं सांगितलंय. आणि मोबाइलवर एका ऑनलाइन कोर्सची जाहिरात सारखी येते: सहा महिन्यांत सर्टिफाइड पॅरालीगल, फी अठ्ठावीस हजार, शंभर टक्के प्लेसमेंट. बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. आई म्हणते, “शाण्यान कोर्टाची पायरी चढा नये, आणि तू थय रोज जातलंस?” पॅरालीगल हे खरंच करिअर आहे का? की मी वकिलांची कारकूनच राहीन?’

तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस. माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. आणि मीसुद्धा वकिलांची कारकून म्हणूनच सुरुवात केली होती. एलएलबी पुढं झालं, वकिलीची सनदही मिळाली. पण फाइल कशी लावायची, हे कुठल्या कॉलेजात नाही, साहेबांच्या कपाटासमोर फरशीवर बसून शिकले. त्यामुळं ‘कारकूनच’ या शब्दातला ‘च’ मला जरा टोचला.

आधी कोर्सचं बोलू, कारण पैसे तिथं जाणार आहेत. आपल्याकडं पॅरालीगल नावाचा कायद्यानं बांधलेला व्यवसाय नाही. वकिलांसाठी बार कौन्सिल आहे, सनद आहे. पॅरालीगलसाठी कौन्सिल नाही, परवाना नाही, नोंदवही नाही. मग ‘सर्टिफाइड’ म्हणजे कुणी सर्टिफाय केलं? ज्यानं फी घेतली त्यानंच. कणकवलीतल्या, ओरोसच्या किंवा रत्नागिरीच्या कुठल्याही वकिलांना तू ते प्रमाणपत्र दाखवलंस तर ते कौतुकानं बघतील आणि विचारतील, ‘मराठी टायपिंगचा स्पीड किती?’ तुला घरबसल्या वाचायचंच असेल तर इग्नूची पॅरालीगल प्रॅक्टिसची पदविका आहे, निदान मागं विद्यापीठ तरी आहे. पण तीही नोकरी लागल्यावर, हौसेनं. अठ्ठावीस हजार म्हणजे तुझा चार महिन्यांचा पगार. तो आधी देऊन ठेवू नकोस. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्यांना फोन करून एवढंच विचार: सिंधुदुर्गातल्या किती मुली कुठल्या ऑफिसात लावल्या, लेखी द्या. पुढं ते फोन उचलणार नाहीत.

पॅरालीगल हा शब्द आपल्याकडं तीन वेगवेगळ्या माणसांना लावतात, म्हणून तुझाही घोळ झालाय. मुंबईत फोर्टच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये पॅरालीगल नावाची खुर्ची असते. तिथं करारांचे मसुदे तपासणं, कंपन्यांचे कागद शोधणं, हायकोर्टाच्या डिपार्टमेंटमध्ये फेऱ्या मारणं चालतं. त्या खुर्चीवर बहुतेक वेळा कायद्याचा पदवीधर नाहीतर कंपनी सेक्रेटरीची (सीएस) परीक्षा देणारा मुलगा बसलेला असतो. नुसत्या बी.कॉम.वर ती मिळणारच नाही असं नाही, पण आचऱ्यातून उठून अंधेरीत कॉट बेसिसवर राहायचं असेल तर मग हिशेब वेगळा.

दुसरा म्हणजे पॅरालीगल व्हॉलंटियर, मराठीत विधी स्वयंसेवक. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली जिल्ह्याला प्राधिकरण आणि तालुक्याला समिती असते. २००९ पासून राष्ट्रीय प्राधिकरणाच्या योजनेत असे स्वयंसेवक निवडून त्यांना प्रशिक्षण देतात. ते गावोगाव जाऊन मोफत वकील कसा मिळतो ते सांगतात, अर्ज भरून देतात, लोकअदालतीच्या वेळी मदत करतात. बायकांना तर उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे, हे गावातल्या दहातल्या नऊ जणींना माहीत नसतं. काम पुण्याचं आहे. पण ती नोकरी नव्हे. काम केलेल्या दिवसाचं मानधन मिळतं, महिन्याचा पगार नाही. आणि खासगी वकिलांकडं पगारावर असताना हे काम करू नकोस असं माझं मत. गावात मोफत मदतीला गेलेली मुलगी परत येताना साहेबांसाठी पक्षकार घेऊन आली, तर लोक दोन्ही कामांना नावं ठेवतील, आणि बरोबरच ठेवतील.

तिसरा म्हणजे तुला जे विचारलंय ते. वकिलांचा कारकून. कोकणात पॅरालीगल म्हणजे हाच, फक्त त्याला कुणी पॅरालीगल म्हणत नाही.

माझा सल्ला सरळ आहे: एक वर्ष जा. पण डोळे उघडे ठेवून जा, आणि काय शिकायला चाललोय ते ठरवून जा.

सकाळी साडेदहाला तू कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसच्या यादीत, आपल्या केसेस कितव्या नंबरला आहेत ते बघशील. साहेब दुसऱ्या कोर्टात अडकले असतील तर बेंच क्लार्कला सांगून ठेवशील. संध्याकाळी प्रत्येक केसचा रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं ते) आणि पुढची तारीख डायरीत. वकीलपत्रावर कोर्ट फीचं आणि वेल्फेअर फंडाचं तिकीट लावलंय का, पानांना नंबर घातलेत का, कागदांची यादी वर आहे का, निशाण्या (कागदांचे कोर्टातले क्रमांक) बरोबर पडल्यात का. दाभणानं भोक पाडून टॅग ओवायचा, तोही असा की उघडताना डावीकडची अक्षरं गिळली जाणार नाहीत. आता ई-फायलिंग आलंय, तिथं तू आमच्या पिढीच्या पुढं आहेस. दुकानात दोन वर्षं स्कॅन केलंयस, पीडीएफ जोडता येतं, फाइलचा आकार कमी करता येतो. कित्येक ज्येष्ठ वकिलांना आज अशाच माणसाची गरज आहे. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो, तो टाकला की ई-कोर्ट्सच्या अॅपवर तारीख दिसते. पण अॅपवर विसंबू नकोस. डायरी ती डायरी.

या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे की ती चुकली तर माणसाचं घर जातं, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त सांगते. मुदत.

मी लागून आठ-नऊ महिने झाले होते. एका दाव्याचा निकाल आमच्या विरुद्ध गेला. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस असतात. साहेब म्हणाले, निकालाची नक्कल माग. पाऊस होता, एसटी चुकत होती, मी अर्ज दिला नवव्या दिवशी. नक्कल तयार झाली एकविसाव्या दिवशी. मी आणली तिसाव्या दिवशी. आणि हातात आली त्या दिवसापासून मी शांतपणे पुढचे तीस दिवस मोजले.

कुठं चुकलं बघ. मुदत कायद्याचं कलम १२ नक्कल मिळायला लागणारा वेळ वजा करायला देतं, पण तो फक्त अर्ज दिल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचा. अर्जाआधीचे माझे नऊ दिवस गेले ते गेलेच. तयार झाल्यावर ती कोर्टात पडून राहिली ते नऊ दिवसही गेले. म्हणजे बारा दिवस वजा, आणि शेवटचा दिवस होता निकालापासून बेचाळिसावा. आम्ही अपील घेऊन गेलो पन्नासाव्या दिवशी. मग विलंब माफीचा अर्ज, त्याला समोरच्याचा विरोध, वर खर्च. माफी मिळाली, पण पक्षकार म्हातारा होता आणि त्यानं प्रत्येक तारखेला मला विचारलं, ‘बाय, माझा अपील लागला मां?’ साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. त्याचाच जास्त त्रास झाला.

नकलेच्या मागं शिक्का असतो. त्यात अर्ज कधी, नक्कल तयार कधी, दिली कधी, अशा तारखा असतात. पहिल्या महिन्यात दुसरं काही शिकली नाहीस तरी तो शिक्का वाचायला शीक. आणि निकाल लागला की त्याच दिवशी, कोर्टाच्या आवारातून बाहेर पडायच्या आत, नकलेचा अर्ज दे. साहेब ‘अपील करायचं की नाही ते बघू’ म्हणाले तरी दे.

आता जमिनीच्या फाइली. कोकणातल्या ऑफिसात अर्ध्याहून जास्त कपाट त्यांनीच भरलेलं असतं आणि तुझी खरी कमाई तिथं आहे. बाहेरून आलेला मुंबईचा हुशार वकील आपला सातबारा बघून हबकतो. एका कलमबागेवर बावीस नावं, त्यातली नऊ माणसं वारलेली, दोन कुठं आहेत ते कुणालाच माहीत नाही, हिस्से आण्या-पैमध्ये, आणि इतर हक्कांत एखादं कूळ. एकोणीसशे चाळीसच्या कागदावर आडनाव ‘गावकर’, आजच्या आधार कार्डावर तेच घराणं ‘राणे’. आजीचं नाव माहेरच्या कागदात गंगा आणि सासरच्या कागदात लक्ष्मी, आणि तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) म्हणणार की या दोन वेगळ्या बायका आहेत. हे सोडवायला कायद्याचं पुस्तक पुरत नाही. गावातली एखादी ऐंशीची आत्या लागते, तिच्यासमोर बसून वंशावळ काढावी लागते आणि तिच्या प्रत्येक ‘तो मुंबयक गेलो तो आयलोच नाय’ या वाक्यासमोर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह टाकावं लागतं. तू आचऱ्याची आहेस, मालवणी बोलतेस, त्या आत्यांना तुझ्यासमोर संकोच वाटणार नाही. ही तुझी जमेची बाजू, आणि ती अठ्ठावीस हजारांत विकत मिळत नाही.

मृत्यूदाखले गोळा करणं, फेरफाराचे जुने उतारे काढणं, वारस नोंदीचा अर्ज, फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीचे पंधरा दिवस सांभाळणं, तहसीलदारांकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज, भूमी अभिलेखकडं मोजणी, दुय्यम निबंधकाकडं सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध. बँका तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागतात. सही वकिलांची असते, पण इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्तांची सूची) चाळत बसलेली तू असशील. ज्याला हे स्वच्छ करता येतं त्याला जिल्ह्यात काम कमी पडत नाही.

आणि चवथ. आपल्याकडचं कायदेशीर वर्ष चतुर्थीला सुरू होतं असं मी गमतीनं म्हणते. बावीसपैकी चौदा सहहिस्सेदार मुंबईत, ते सगळे एकाच वेळी गावात येतात ते गौरी-गणपतीत, नाहीतर शिमग्याला, नाहीतर मे महिन्यात. पाच दिवसांत सगळ्यांच्या सह्या, फोटो, अंगठे. त्यातला एक दिवस सुट्टीचा, एक दिवस सर्व्हर बंद. म्हणून दस्ताचा मसुदा श्रावणातच तयार हवा, प्रत्येकाच्या नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणं फोनवर विचारून घेतलेलं हवं आणि जे येणारच नाहीत त्यांचं मुखत्यारपत्र आधी मागवलेलं हवं. पहिल्याच चतुर्थीला हे नीट पार पाडलंस तर साहेब तुझा पगार स्वतःहून वाढवतील. नाही वाढवला तर तू विचार.

याच गर्दीत बहिणींची हक्कसोडपत्रंही होतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला, हे माहीत असूनही ‘भाऊ दुखावेल’ म्हणून सही करणाऱ्या कितीतरी जणी तुझ्या टेबलासमोर बसतील. सही करू नको असं सांगणं तुझं काम नाही. पण दस्त तिला मालवणीत वाचून दाखव, आणि भाऊ घाई करायला लागला तर जरा सावकाशच वाच.

इथंच ती रेघ येते जी तुला पक्की माहीत असायला हवी. अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणं कोर्टात वकिली करण्याचा अधिकार फक्त सनदधारकाला. सनद नसताना ती केली तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. दोन वर्षांत तुला बरंच कळायला लागेल, मग गावातले लोक रविवारी घरी येतील: ‘वकिलाक कशाक पैसे देव, तूच लिव ना.’ लिहू नकोस. ‘साहेबांना विचारून सांगते’ हे वाक्य पाठ कर. तसंच गुपिताचं. वकिलावर पक्षकाराची गोष्ट बाहेर न सांगण्याचं जे बंधन आहे, ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ नं त्याच्या कारकुनालाही लागू आहे. आचऱ्याच्या एसटीत तुझ्या पुढच्या सीटवर समोरच्या पार्टीची भावजय बसलेली असते, हे मी तुला सांगायला नको.

चहापाण्याचे पैसे कुणाच्या टेबलावर पोचवायचं काम आलं तर पहिल्याच वेळी नाही म्हण. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार आहे, आणि पाकीट घेऊन जाणारा हात तुझा असेल. ज्या साहेबांना हा नकार चालत नाही, त्यांच्याकडचं शिक्षण महाग पडतं.

त्यामुळं होकार देण्याआधी एक दिवस त्यांच्या ऑफिसात नुसती बसून ये. डायरी कोण लिहितं ते बघ. फाइली नावानं लावल्यात की ढिगानं. आधीचा कारकून का सोडून गेला ते शेजारच्या स्टॅम्प व्हेंडरला विचार, त्याला सगळं माहीत असतं. पक्षकारांशी साहेब कसे बोलतात, विशेषतः ज्यांनी फी दिलेली नाही त्यांच्याशी, हेही बघ.

सात हजार कमी आहेत, पण शिकण्याच्या वर्षाला मी नाही म्हणणार नाही, अट एवढीच की काही गोष्टी आधी बोलून घे. एसटीच्या पासाचे पैसे वेगळे. नकला, तिकिटं, टपाल यांचा खर्च तुझ्या खिशातून नाही. त्यासाठी वेगळी वही आणि रोजच्या रोज हिशेब. सहा महिन्यांनी पगाराचं बोलणं. वर्ष झालं की लेटरहेडवर अनुभवाचा दाखला. आणि शेवटची एसटी चुकेल इतका उशीर नाही, हे आईसमोर साहेबांनी फोनवर सांगितलं तर फारच उत्तम.

बाबांचंही ऐक. परीक्षा सोडू नकोस, फक्त बँकेबरोबर न्यायालयाच्या लिपिक भरतीकडंही लक्ष ठेव. त्यासाठी शासनाचं टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं, मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द मिनिटाला. दुकानात दोन वर्षं टाइप करतेस आणि अजून ती परीक्षा दिली नसशील तर या सत्रातच दे. कोर्सच्या अठ्ठावीस हजारांच्या मानानं तिची फी म्हणजे काहीच नाही.

आणि वर्षभरानं हे काम आवडलं, रोज आवडलं, तर एलएलबी. बी.कॉम.नंतर तीन वर्षं, आधी सीईटी. कुडाळला व्हिक्टर डान्टस विधी महाविद्यालय आहे, रत्नागिरीला भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय. एलएलबी पत्रद्वारा होत नाही आणि सत्तर टक्के हजेरी लागते, तेव्हा त्या तीन वर्षांत नोकरी अर्धवेळ करावी लागेल. तेही साहेबांशी आधीच बोल. माझ्या वेळी हायकोर्टाचं काम म्हणजे रात्रीची गाडी पकडून मुंबई. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या केसेस तिकडं चालतात. कणकवलीतून फोंडा घाटानं सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी. इथल्या ऑफिसांत आता हायकोर्टाच्या फाइलीही वाढतील, आणि त्या बांधणाऱ्या माणसांचा तुटवडा आजच जाणवतोय.

एलएलबी नाही केलंस तरी हरकत नाही. मला ज्यांनी दाभण धरायला शिकवलं ते आमच्या ऑफिसातले अण्णा बारावी नापास होते. साहेब कोर्टात उभे राहिले की आधी मागं वळून अण्णांकडं बघायचे.

आईला सांग, शहाण्यानं पायरी चढू नये ती पक्षकार म्हणून. तू महिन्याला पगार घेऊन चढणार आहेस.

ऑफिस बघायला सोमवारी जाऊ नकोस, बोर्ड मोठं असतं, साहेबांना तुझ्याकडं बघायलाही फुरसत मिळणार नाही. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी कोर्ट बंद असतं. पहिल्या किंवा तिसऱ्या शनिवारी दुपारी जा, जेवून जा, आणि जाताना तू टाइप केलेला एखादा वारस नोंदीचा अर्ज नावं खोडून बरोबर घेऊन जा.